अंत्यविधीची फुले: कोणती घ्यावीत, कशी वाहावीत आणि ती आली कुठून

घरात कोणी गेले की पहिल्या तासाभरात जी कामे वाटून घेतली जातात, त्यांत फुलांचे काम हमखास घरातल्या सर्वांत तरुण माणसाकडे येते. डॉक्टरांचा दाखला, स्मशानभूमीतली नोंद, शववाहिनी, गावाकडच्या नातेवाइकांना फोन ही कामे मोठ्यांनी उचललेली असतात. उरलेल्याला "तू जरा हार-फुले घेऊन ये" एवढेच सांगून बाजारात पाठवले जाते. कोणता हार, किती हार, सुटी फुले किती, हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारत बसण्याची ती वेळही नसते. पुढील मजकूर प्रामुख्याने त्या माणसासाठी आहे. फुलांचा इतिहासही सोबत दिला आहे, कारण तो ठाऊक असला म्हणजे कोणती रीत खरोखर जुनी आहे आणि कोणती केवळ "लोक काय म्हणतील" या धाकाने चालत आली आहे, हे ओळखता येते.

बाजारात काय मागावे

फुलवाल्याला आधी "मयतासाठी हवे आहे" असे स्पष्ट सांगावे. संकोचाने नुसता "मोठा हार द्या" म्हटले, तर जरीचा गोंडा, चमकी आणि प्लास्टिकचे मणी लावलेला सत्काराचा हार हातात पडतो. मयताचा हार साध्या सुती दोऱ्यात ओवलेला असावा. झेंडू, निशिगंध, शेवंती, मोगरा यांपैकी जे त्या दिवशी ताजे असेल ते घ्यावे; विशिष्ट फुलासाठी तीन दुकाने फिरू नये. निशिगंध बाजारात गुलछडी या नावानेही ओळखला जातो आणि जवळपास वर्षभर मिळतो. मोगरा उन्हाळ्यातला, शेवंती थंडीकडची, आणि झेंडूचा भर दसरा-दिवाळीच्या सुमारास असतो.

घरच्यांच्या वतीने एक मोठा हार पुरतो. त्याखेरीज दोन किलो सुटी फुले, अर्धा किलो गुलाबाच्या पाकळ्या आणि चांगली जुडीभर तुळस घेतली, तर अंत्यदर्शनाला आलेल्या पन्नास-साठ माणसांच्या ओंजळीत काही ना काही पडते. सुट्या फुलांवर भर द्यावा, असे माझे अनुभवाने मत झाले आहे. हार आणणारे पुष्कळ असतात, पण धावतपळत रिकाम्या हाताने आलेला माणूस पार्थिवापाशी उभा राहून हातांचे काय करावे हे न कळून अवघडतो. त्याच्या पुढे फुलांचे ताट धरले की तो मोकळा होतो. फुले प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणू नयेत, ती तासाभरात घामेजतात. ओल्या सुती कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवावीत आणि वर पाणी मारत बसू नये.

परदेशातून मुलगा किंवा मुलगी येईपर्यंत पार्थिव काचेच्या शीतपेटीत ठेवले असेल, तर रात्रीच हार आत घालू नये. थंडीने पाकळ्या काळवंडतात आणि सकाळी पेटी उघडल्यावर सर्वांत आधी नजरेत भरतो तो तो काळा पडलेला हार. रात्री काचेवर चार सुटी फुले ठेवावीत आणि हार सकाळी निघण्याच्या वेळी आणावा.

ही फुले आपल्याकडे कधीपासून

मृताबरोबर फुले देण्याची चाल किती जुनी, याचे उत्तर शोधताना सर्वांत प्रसिद्ध झालेला दाखला इराकच्या कुर्दिस्तानातील शानिदार गुहेचा आहे. तेथे पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांना १९६० मध्ये एका निअँडरथल मानवाचा सांगाडा सापडला आणि त्याच्या भोवतीच्या मातीत फुलांचे परागकण गोळ्यागोळ्यांनी आढळले. त्यावरून त्याला फुलांच्या शय्येवर पुरले असावे, असे मांडले गेले आणि ही कल्पना जगभर आवडली. पुढे मात्र शंका निघाल्या: बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा मातीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांनी ते परागकण आत नेले असण्याची शक्यता अभ्यासकांनी दाखवून दिली. त्यामुळे शानिदारची गोष्ट सांगायची तर या शंकेसह सांगावी. इस्रायलमधील कार्मेल पर्वतावरच्या राकेफेत गुहेतला पुरावा अधिक भक्कम आहे. तेथील सुमारे १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या नातुफियन (त्या भागातील एक प्रागैतिहासिक समाज) लोकांच्या कबरींना आतून चिखलाचा गिलावा दिलेला होता आणि त्या ओल्या चिखलावर सेज व पुदिन्याच्या कुळातील वनस्पतींच्या फुलोऱ्यांचे ठसे उमटून राहिले आहेत. म्हणजे कोणीतरी खड्डा लिंपला, तो वाळण्याआधी त्यावर सुगंधी फांद्या अंथरल्या आणि मग त्यावर माणूस ठेवला.

इजिप्तचा तुतानखामेन हा राजा इसवी सनापूर्वी सुमारे १३२३ मध्ये मरण पावला. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी त्याचे थडगे शोधून काढले, तेव्हा सोन्याच्या त्या ढिगात शवपेट्यांवर वाळलेल्या फुलांचे हारही होते. त्यांत ऑलिव्हची पाने, निळ्या कमळाच्या पाकळ्या आणि कॉर्नफ्लॉवर होते. ही फुले तेथे केव्हा उमलतात, यावरून वनस्पतितज्ज्ञांनी दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या काळात झाले असावे, असा अंदाज बांधला. जे त्या आठवड्यात शेतात आणि तळ्यात फुलले होते तेच राजाच्या वाट्याला आले. फुलवाल्याकडे ताजे असेल ते घ्या, असे मी वर म्हटले, त्याला हा बऱ्यापैकी मोठा आधार आहे.

आपल्या बाजूचा जुना वृत्तान्त बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगणाऱ्या पाली महापरिनिब्बान सुत्तात आहे. कुशिनारा येथे दोन साल वृक्षांमध्ये बुद्ध पहुडले असता त्या वृक्षांना अवेळी बहर आला आणि फुले त्यांच्या अंगावर गळू लागली. पुढे तेथल्या मल्ल कुळाच्या लोकांनी सहा दिवस गीत, वाद्य, माळा आणि सुगंध यांनी त्या देहाचा सन्मान केला आणि सातव्या दिवशी दहन झाले. त्याच सुत्तातला एक प्रसंग मला अधिक जवळचा वाटतो. बुद्धांचे शिष्य महाकाश्यप वाटेत असताना समोरून एक आजीवक पंथाचा साधू येतो. त्याच्या हातात मंदारव फूल असते. आमच्या शास्त्याला, म्हणजे गुरूला, तू ओळखतोस का, असे काश्यप विचारतात आणि तो सांगतो, की त्यांचे निर्वाण होऊन आज सात दिवस झाले, हे फूल मी तेथूनच आणले. निधनाची वार्ता अशी फुलाबरोबर चालत आली.

आता झेंडूकडे वळू. तिरडीवर सर्वाधिक दिसणारे हे फूल मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे आहे. इंग्रजीत त्याला आफ्रिकी म्हणतात, तेही चूकच. युरोपीय, मुख्यतः पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ते अमेरिकेतून भारतात आले, म्हणजे सोळाव्या शतकापूर्वी आपल्याकडे कोणाच्याही पार्थिवावर झेंडू वाहिला गेला असण्याचा संभव नाही. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा सण साजरा करताना घराच्या उंबऱ्यापासून वेदीपर्यंत याच फुलाच्या पाकळ्यांची वाट आखतात, कारण त्या रंगाने आणि वासाने मृतांना घर सापडते, अशी तेथे श्रद्धा आहे. निशिगंधही त्याच देशातला आणि पांढरा चाफाही तिकडचाच. यातले एकही फूल आपल्या जुन्या धर्मग्रंथांत असणे शक्य नाही. तरीही आज झेंडू आणि निशिगंध यांच्याशिवाय मराठी अंत्ययात्रा डोळ्यांपुढे येत नाही. रीत अशी बाजारातून आणि शेतातून घडत गेली आहे, हे लक्षात ठेवले की "अमुकच फूल पाहिजे" असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकाशी वाद घालण्याची गरज उरत नाही. मान डोलवावी आणि मिळेल ते आणावे.

खरोखर जुनी आणि इथलीच म्हणावी, ती तुळस. शेवटच्या क्षणी तोंडात तुळशीचे पान आणि गंगेचे पाणी घालतात. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीमाळ काढत नाहीत. कपाळी बुक्का लावतात आणि टाळ-मृदंगाच्या गजरात अंत्ययात्रा नेतात. एखाद्या वस्तूवरचा हक्क सोडून देण्याला आपण "तुळशीपत्र ठेवणे" म्हणतो, तो दानाच्या संकल्पातला वाक्प्रचार आहे; मृताच्या मुखात तुळस ठेवताना तो आपोआप आठवतो.

फुले वाहण्याचा क्रम आणि पद्धत

घरच्यांचा हार प्रथम, मग वडीलधाऱ्यांचे, मग इतरांचे, असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. पार्थिवाला हार गळ्यात घालण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी मान उचलावी लागते, आणि गेल्यानंतर काही तासांतच शरीर ताठरत असल्याने ते घरच्यांना पाहवत नाही. हार उघडा करून छातीवरून दोन्ही बाजूंना समान पसरावा. सुटी फुले पायांपाशी वाहावीत. चेहरा मोकळा ठेवावा, कारण मागून येणाऱ्याला तोच पाहायचा असतो. हारांचा ढीग होऊ लागला, तर घरातल्या एकाने शांतपणे खालचे हार काढून बाजूला ठेवत राहावे. हे कोणालाही अपमानाचे वाटत नाही. तारेच्या किंवा थर्मोकोलच्या चौकटीवर केलेले पुष्पचक्र देहावर ठेवू नये, भिंतीला किंवा शववाहिनीच्या बाजूला टेकवून ठेवावे.

विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल, तर देह आत जाण्यापूर्वी सर्व हार उतरवून घेतात, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवावे. ऐन क्षणी ते पाहून पुष्कळांना धक्का बसतो. लाकडाच्या चितेवर फुले जाऊ द्यायची असतील, तर त्याआधी दोरा, जर, रबर आणि प्लास्टिकची आवरणे काढावीत. आमच्याच घरच्या एका अंत्यविधीत मी हे विसरलो होतो. हाराच्या टोकाचा सोनेरी गोंडा पेटला, वितळून थेंबाथेंबाने खाली ठिबकू लागला आणि चंदन, तूप, कापूर यांच्या वासात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला. कोणी काही बोलले नाही, पण तो वास मला अजून आठवतो. तेव्हापासून हार विकत घेतला की दुकानापाशीच उभा राहून गोंडा कापून घेतो.

बाईच्या पार्थिवाची फुले

या विषयावर थोडे थांबले पाहिजे. सवाष्ण गेली तर तिला हिरवे लुगडे किंवा शालू, हिरवा चुडा, कुंकू आणि केसांत गजरा किंवा वेणी असा सारा साज करून, ओटी भरून पाठवण्याची रीत आहे. अशा मरणाला अहेव मरण म्हणतात आणि म्हाताऱ्या बायका ते भाग्याचे मानतात. विधवेच्या बाबतीत मात्र हाच न्याय उलटा लागे. जिवंतपणी तिच्या केसांतून गेलेले फूल मेल्यावरही परत येत नसे.

माझी एक आत्या चाळीस वर्षे वैधव्यात राहिली. तिच्या अंगणात मोगरा होता आणि वैशाखात संध्याकाळी ती पायरीवर बसून, केळीचे सोपट भिजवून, शेजारपाजारच्या मुलींसाठी गजरे गुंफायची. उरलेल्या कळ्या देवाला. ती गेली तेही वैशाखातच. तिच्या सुनेने मागच्या दाराने जाऊन ओंजळभर कळ्या खुडून आणल्या, दोऱ्यात बांधल्या आणि सासूच्या पांढऱ्या अंबाड्याला लावल्या. नात्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, "असं करत नाहीत गं." सून काही बोलली नाही, तिने गाठ मारली आणि पदराने हात पुसले.

ज्यांना अशा वेळी काय करावे हा प्रश्न पडतो, त्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: गेलेल्या बाईला फुले आवडत असतील तर ती तिच्या केसांत माळावीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथांना बंदी करणारा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. एखाद्या घरात वाद निघालाच, तर हे उदाहरण हळू आवाजात सांगावे. मोठ्या आवाजात सांगण्याचा तो दिवस नसतो.

दुसऱ्यांच्या घरी जाताना

बौद्ध कुटुंबात पांढरी वस्त्रे, पांढरी फुले आणि मेणबत्त्या असतात आणि त्रिसरण-पंचशील होते. पुष्पपूजेच्या गाथेत "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं" अशी ओळ येते: हे फूल जसे कोमेजते, तसाच हा देहही नाशाकडे जातो. अंत्यविधीला फूल कशाला, या प्रश्नाचे इतके थोडक्यात उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही. येथे ताजेच फूल न्यावे. रेशमी किंवा प्लास्टिकच्या फुलाने त्या ओळीचा अर्थच नाहीसा होतो.

लिंगायत समाजात देहाला बहुधा बसलेल्या स्थितीत समाधी देतात, त्यामुळे हार खरोखर गळ्यात घालता येतो. विभूती आणि बेलाची पाने तेथे महत्त्वाची असतात. मुस्लिम कुटुंबात दफनानंतर कबरीवर गुलाब आणि सब्जा ठेवण्याची किंवा फुलांची चादर घालण्याची चाल आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे, परंतु काही घरांना ती मान्य नसते, म्हणून विचारून न्यावे. ज्यू परंपरेत कबरीवर फुलांऐवजी लहानसा दगड ठेवतात. पारशी कुटुंबात फुलांचा खरा मान मुक्ताडच्या दिवसांत असतो. वर्षअखेरच्या त्या दहा दिवसांत दिवंगतांच्या नावाने चांदीच्या फुलदाण्यांत रोज फुले ठेवतात.

गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती कुटुंबाकडे पुष्पचक्र नेणे योग्य ठरते. त्यावर नाव लिहिलेले साधे कार्ड बांधावे, कारण नंतर घरची माणसे ती कार्डे वाचून आभार कळवतात. २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरस्ताने साफसूफ करून फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात. त्या दिवशी तेथे झेंडूच्या माळा पाहिल्या, की हजारो मैल दूर मेक्सिकोतही याच तारखेला हेच फूल थडग्यांवर असते, हे आठवून गंमत वाटते.

परदेशी असलेल्या मराठी माणसाने एवढी काळजी घ्यावी. फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि पोलंड या देशांत शेवंती हे थडग्यावरचे फूल आहे, म्हणून तिथे ते अंत्यविधीला चालते आणि जेवायला बोलावलेल्या घरी अजिबात चालत नाही. आपल्याकडे तीच शेवंती देवाला आणि वेणीला. जपानमध्ये पांढरी व पिवळी शेवंती मृतांसाठी असते. रशियात मृताला सम संख्येने आणि जिवंत माणसाला विषम संख्येने फुले देतात, तेव्हा मोजून घ्यावीत. इंग्लंडमध्ये पत्रिकेवर "फुले फक्त कुटुंबीयांची" अशा अर्थाची ओळ असली, तर तिचा अर्थ शब्दशः घ्यावा आणि पत्रिकेत सुचवलेल्या संस्थेला देणगी पाठवावी. आपल्याकडे सांत्वनाला जाताना सेलोफेनमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ नेऊ नये. तो वाढदिवसाचा वाटतो, आणि तो ठेवायचा कुठे, हा घरच्यांपुढे नवाच प्रश्न उभा राहतो.

नंतरची फुले

घरी परतल्यावर जमिनीवर पडलेल्या पाकळ्या आणि बाजूला काढलेले हार नदीत सोडू नयेत. दोरे काढून निर्माल्य कलशात टाकावेत किंवा अंगणात खड्डा करून पुरावेत. झेंडूचे त्यात चांगले खत होते आणि पावसाळ्यात त्याच जागी दोन-चार रोपेही उगवतात. फोटोला हार घालण्याची घाई करू नये. आपल्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे माणूस गेल्याची खूण, आणि पहिल्या दिवशी ती खूण घरातल्या लहान मुलांना फार टोचते. दहाव्या-तेराव्याला ताज्या फुलांचा हार घालावा. पुढे रोज जमत नसेल, तर चंदनाच्या चोयट्यांचा हार वर्षभर टिकतो, मात्र अधूनमधून त्यावरची धूळ झटकावी. श्राद्धाला पांढरी, मंद वासाची फुले, तुळस आणि माका घेतात. लाल आणि उग्र वासाची फुले टाळतात.

राख सावडायला जाताना एक लहान पुडी वेगळी बांधून न्यावी. तीत मूठभर तुळस आणि देठे खुडलेला निशिगंध असावा. अस्थी दुधापाण्याने धुऊन मडक्यात ठेवल्या, की त्यावर ही फुले घालून पांढऱ्या कापडाने तोंड बांधतात. हिंदीत या अस्थींनाच "फूल" म्हणतात. निशिगंध ज्यांच्या देशातून आपल्याकडे आला, त्या मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत त्याचे जुने नाव ओमिशोचित्ल असे आहे. त्याचा अर्थ हाडाचे फूल. पुडी बांधताना सुती दोराच वापरावा, तो मडक्याबरोबर पाण्यात गेला तरी चालतो.